वर्गात एकाला सगळे मिळून छळतात तेव्हा वर्गशिक्षिकेने काय करावे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. इंदूरच्या एका खासगी शाळेत तुम्ही सहावीच्या वर्गशिक्षिका आहात. वडिलांच्या बदलीमुळे यंदा जळगावहून आलेला एक मुलगा तुमच्या वर्गात आहे. सुरुवातीच्या दिवसांत तो हिंदीत ‘मेरी पुस्तक’ऐवजी ‘मेरा पुस्तक’ म्हणाला आणि तेव्हापासून त्याचे नावच ‘पुस्तक’ पडले. आता त्याचा डबा लपवला जातो, बाकावर त्याच्या शेजारी कोणी बसत नाही, मधल्या सुट्टीत त्याला कोणी खेळायला घेत नाही. दोन मुले यात नेहमी पुढे असतात. त्यांना तुम्ही वर्गाबाहेर उभे केले, माफी मागायला लावली, पालकांनाही बोलावले. चार दिवस शांततेत जातात आणि पुन्हा तेच सुरू होते. मुख्याध्यापक म्हणतात, ‘मुले आहेत, चालायचेच.’ शिक्षा आणखी कडक करावी की मुलाची तुकडी बदलून द्यावी, असे तुम्ही विचारले आहे.

मी इंदूरमध्येच आधी वर्गशिक्षिका आणि पुढे शालेय समुपदेशक म्हणून काम केले आहे, आणि तुम्ही वर्णन केलेले चित्र मला चांगले ओळखीचे आहे. चार दिवसांनी पुन्हा तेच सुरू होते, हे तुमचे निरीक्षण सगळ्यात महत्त्वाचे आहे. शिक्षेने त्या दोघांना थांबवले, पण ज्या वर्गात ‘पुस्तक’ अशी हाक मारली की हशा पिकतो तो वर्ग जसाच्या तसा राहिला. त्या दोघांना त्या हशातून जे स्थान मिळते, ते वर्गाबाहेर तासभर उभे राहण्याच्या मोबदल्यात त्यांना स्वस्तच वाटते. म्हणून तुमचे खरे काम उरलेल्या मुलांशी आहे, आणि ते काम वर्गशिक्षिकेखेरीज दुसरे कोणी करू शकत नाही.

अर्थात, काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या आधी पाहाव्या लागतात. मुलाला शारीरिक इजा होत असेल, त्याच्याकडून पैसे उकळले जात असतील, मोबाइलवर त्याचे चित्रण फिरत असेल किंवा ‘मला जगायचे नाही’ अशा अर्थाचे काही तो बोलला असेल, तर पुढे लिहिलेल्या सावकाशीच्या उपायांची वाट पाहू नका. त्याच दिवशी पालक, मुख्याध्यापक आणि समुपदेशक यांना एकत्र आणा. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक विनाशुल्क आहेत आणि दिवसरात्र चालू असतात. ते मुलाच्या घरीही द्यावेत. प्रकार लैंगिक स्वरूपाचा असेल, तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे हे आपल्यावर बंधनकारक आहे, तेथे शाळेच्या नावाचा विचार करण्याची मुभाच नाही. तुमच्या पत्रावरून प्रकरण त्या थराला गेलेले दिसत नाही, पण मुलाशी एकांतात बोलून खात्री करून घ्या, कारण शिक्षकांपर्यंत पोहोचते ते बहुधा प्रत्यक्षात घडते त्याहून कमीच असते.

हे भांडण आहे की छळ, हेही एकदा नीट पाहावे. या विषयाच्या अभ्यासाचा पाया घालणारे डॅन ओल्वेउस यांनी तीन खुणा सांगितल्या: त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि दोन्ही बाजूंचे बळ समान नसते. नॉर्वेत १९८२ साली तीन मुलांनी शाळेतल्या छळामुळे आत्महत्या केल्या आणि पुढच्याच वर्षी तेथे देशभर मोहीम सुरू झाली. ओल्वेउस यांचे काम त्या मोहिमेतून शाळाशाळांत पोहोचले. तुमच्या वर्गात तिन्ही खुणा आहेत. त्यामुळे दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून, ‘झाले गेले विसरा आणि हात मिळवा’ असे सांगण्याचा उपाय येथे लागू पडत नाही. बरोबरीच्या दोघांत भांडण झाले असेल तर तो चांगला उपाय आहे. येथे मात्र एकट्या मुलाला, ज्यांना तो घाबरतो त्यांच्याच देखत, आपण काही तडजोड करायला सांगतो, आणि बाहेर पडल्यावर तिची किंमत त्यालाच मोजावी लागते.

आता उरलेल्या मुलांविषयी. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली सहावीच्याच पाचशेहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले की छळ करणारा कधी एकटा नसतो; त्याला हातभार लावणारे काही असतात, हसून दाद देणारे काही असतात, बाजूला राहणारे पुष्कळ असतात आणि त्रास होणाऱ्याची बाजू घेणारेही काही असतात. कॅनडातल्या संशोधकांनी शाळांच्या मैदानांवर चित्रण करून २००१ साली जे निष्कर्ष मांडले, ते तर प्रत्येक शिक्षकखोलीत लावून ठेवावेत असे आहेत: ८८ टक्के प्रसंगांत इतर मुले आजूबाजूला होती, १९ टक्के प्रसंगांतच त्यांनी मध्यस्थी केली, पण जेथे केली तेथे निम्म्याहून अधिक वेळा, ५७ टक्के, प्रकार दहा सेकंदांत थांबला. मोठ्यांच्या व्याख्यानाने जे होत नाही ते एका मुलाच्या ‘अरे, सोड ना त्याला’ या वाक्याने होते. मग मुले ते वाक्य का बोलत नाहीत? पुढचा नंबर आपला लागेल ही भीती असतेच, पण त्याहून मोठे कारण असे की प्रत्येकाला वाटते, हे फक्त मलाच आवडत नाही, बाकी सगळ्यांना गंमत वाटते आहे.

हा गैरसमज दूर करण्यासाठी मी चिठ्ठ्या वापरते. वहीच्या कागदाचे सारखे तुकडे वाटावेत, नाव लिहू नये असे स्पष्ट सांगावे, आणि दोनच प्रश्न फळ्यावर लिहावेत: आपल्या वर्गात कोणाची थट्टा झाली की तुला आतून कसे वाटते? आणि, बाकीच्यांना कसे वाटत असेल असे तुला वाटते? चिठ्ठ्यांचे गट करून दुसऱ्या दिवशी फक्त आकडे फळ्यावर मांडावेत. जवळजवळ प्रत्येक वेळी मी हेच पाहिले आहे की पहिल्या प्रश्नाला ‘वाईट वाटते’, ‘भीती वाटते’, ‘आवडत नाही’ अशी उत्तरे मोठ्या बहुमताने येतात आणि दुसऱ्याला ‘त्यांना मजा येते’ असे. फळ्यावर हे दोन आकडे शेजारीशेजारी दिसले की वर्गात एक वेगळीच चुळबुळ सुरू होते. मुले फळ्याकडे पाहतात आणि मग एकमेकांकडे. त्या क्षणी काहीही उपदेश करू नका. ‘हे तुम्हीच लिहिले आहे’ एवढेच म्हणावे आणि आकडे दिवसभर फळ्यावर राहू द्यावेत. मात्र एक खबरदारी घ्या: एखाद्या चिठ्ठीत कोणाचे नाव आले असेल तर ती चिठ्ठी स्वतःजवळ ठेवा, वर्गात तिचा उल्लेख करू नका.

त्यानंतर आठवड्यातून एक तासिका वर्गसभेसाठी राखून ठेवा. आपल्या मध्य प्रदेशात शनिवारची बालसभा अनेक शाळांत असते, पण तिचे रूपांतर बहुतेक ठिकाणी गाणी, भाषणे आणि पाहुण्यांच्या स्वागतात झाले आहे. मी म्हणते ती सभा म्हणजे बाक भिंतीला सरकवून, गोल बसून, वर्गाने आपल्या वर्गाविषयी बोलणे. पहिल्या काही सभांत छळाचा विषय काढूच नका. तो काढला की सगळ्यांच्या नजरा त्या एका मुलाकडे वळतील आणि त्याच्या दृष्टीने ती सभा म्हणजे आणखी एक फजिती ठरेल. सुरुवात मुलांच्या रोजच्या अडचणींपासून करावी: पाण्याच्या टाकीवर रांग का मोडते, चेंडू एकच असेल तर कोणी खेळायचे, डबा कुठे बसून खायचा. एका वर्गात आम्ही कित्येक आठवडे केवळ ‘संघ कसे पाडायचे’ यावर बोलत होतो. दोन कॅप्टन आळीपाळीने खेळाडू निवडतात आणि शेवटी उरलेल्या एकाला ‘तू घे रे, नको मला’ असे म्हणत ढकलतात, ही पद्धत प्रत्येक शाळेत आहे. एक एरवी गप्प असणारी मुलगी म्हणाली, “शेवटी आपण राहणार हे माहीत असते, म्हणून मी आधीच पाय दुखतो म्हणून सांगते.” त्या दिवसापासून त्या वर्गाने हजेरीच्या क्रमांकाने संघ पाडायला सुरुवात केली. कोणाचाही अपमान न करता, कोणाचेही नाव न घेता, रोज होणारा एक छळ बंद झाला, आणि नियम मुलांनीच केलेला असल्यामुळे तो पाळला गेला. अशा चारदोन गोष्टी मार्गी लागल्या की मग टोपणनावांचा विषय मुले स्वतःच काढतात. नाही काढला तर तुम्ही काढा, पण तो ‘आपल्याला कोणती हाक आवडते, कोणती आवडत नाही’ असा सगळ्यांचा म्हणून.

सभेत वर्गशिक्षिकेने कमीत कमी बोलावे. आपल्याला हे फार अवघड जाते, कारण शांतता पसरली की ती भरून काढण्याची आपल्याला सवय आहे. थांबा, मुले बोलतात.

दुसरे काम मुलांना एकमेकांची खरोखर गरज पडेल असे प्रसंग तयार करण्याचे. अमेरिकेतल्या ‘चाइल्ड डेव्हलपमेंट प्रोजेक्ट’ या उपक्रमाने शाळा हा आपुलकीचा समुदाय व्हावा म्हणून ज्या गोष्टी केल्या, त्यांत वर्गसभेबरोबरच मोठ्या वर्गातल्या मुलांची लहान वर्गातल्या मुलांशी जोडी लावणे आणि घरच्या मोठ्यांशी करायच्या छोट्या गप्पा, या दोन गोष्टी होत्या. दोन्ही आपल्याकडे उत्तम चालतात. तुमच्या सहावीतल्या प्रत्येक मुलाला पहिली-दुसरीतले एक मूल द्या. पंधरवड्यातून एकदा त्याला गोष्ट वाचून दाखवायची, बस. वर्गात ज्याला कोणी विचारत नाही त्याची वाट पाहणारे एक सहा वर्षांचे मूल दारात उभे असते, हे बाकीच्यांनाही दिसते. दादागिरी करणाऱ्या मुलांमध्येही मी या जोडीमुळे अनपेक्षित हळुवारपणा पाहिला आहे, आणि पुढे त्यांच्याशी बोलताना तो धागा पकडता येतो.

घरच्या गप्पांसाठी प्रश्न असा द्या: ‘आजी-आजोबांना किंवा आई-बाबांना विचारा, शाळेत तुम्हाला कोणी चिडवायचे का, आणि तेव्हा तुमची बाजू कोणी घेतली?’ इंदूरच्या एका वर्गात मराठी, माळवी, निमाडी, सिंधी, गुजराती, उर्दू अशा किती घरांतली मुले असतात, हे तुम्हाला माहीत आहेच. कोणाचे आजोबा निमाडातून येथे शिकायला आले तेव्हा त्यांच्या बोलीला सगळे हसले होते, कोणाच्या आजीला फाळणीनंतर आल्यावर नवी लिपी शिकावी लागली होती. या उत्तरांतून भाषेवरून थट्टा हा विषय त्या एका मुलाच्या अंगावरून उतरून सगळ्यांच्या घरात जातो. याउलट, चांगल्या हेतूने अनेक शिक्षक जे करतात ते कृपया टाळा: नव्या मुलाला पुढे बोलावून ‘तुझ्या गावाविषयी सांग, मराठीत काहीतरी म्हणून दाखव’ असे सांगू नका. तो आधीच सगळ्यांच्या नजरेत आहे. त्याला आणखी प्रदर्शनात ठेवल्याने त्याचे वेगळेपण तेवढे पक्के होते. त्याला ‘बाईंचा लाडका’ करणेही तितकेच घातक आहे.

फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेल्या ‘किवा’ या कार्यक्रमातली एक पद्धत मला फार उपयोगी पडली आहे. वर्गात ज्यांचे वजन आहे आणि ज्यांचे मन साफ आहे अशा दोन-चार मुलांना स्वतंत्रपणे बोलावून, ‘त्याला शाळेत बरे वाटावे म्हणून तुला काय करता येईल?’ असे विचारायचे. त्यांना पहारेकरी नेमायचे नाही, हेरगिरी तर अजिबात सांगायची नाही. मुले स्वतः सुचवतात ती उत्तरे अगदी साधी असतात: डबा खाताना त्याला हाक मारीन, गटात घेईन. एकाने मला सांगितले होते, “त्याला चिडवतील तेव्हा मी हसणार नाही.” मी त्याला म्हटले, एवढे पुरेसे आहे, आणि ते खरोखर पुरेसे असते. ही मुले निवडताना फक्त पहिल्या बाकावरची हुशार मुले घेऊ नका. शेवटच्या बाकावरच्या एखाद्या लोकप्रिय मुलाचे न हसणे जास्त परिणाम करते.

त्या दोघांना सोडून द्यावे, असा याचा अर्थ नाही. त्यांच्याशी वेगवेगळे, दार लावून, शांतपणे बोला. ‘तू असे का करतोस?’ हा प्रश्न विचारू नका. त्याला मुलाकडे उत्तर नसते आणि तो बहाणे शोधायला लागतो. ‘मंगळवारी त्याचा डबा स्वच्छतागृहाच्या खिडकीत सापडला. हे चालणार नाही. ते भरून काढण्यासाठी तू काय करशील?’ असे नेमके बोला, त्याने सांगितलेले लिहून घ्या आणि आठवड्याने पुन्हा बोलवा. दुसरी भेट झाली नाही तर पहिलीचा काही उपयोग होत नाही. पालकांना बोलावताना ‘तुमचा मुलगा दादागिरी करतो’ असे वाक्य वापरले की घरी दोनच गोष्टी होतात, एक तर ते शाळेशी भांडतात किंवा मुलाला झोडपतात. आणि मार खाऊन आलेला मुलगा तो हिशेब कोणाकडून वसूल करतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. ‘त्याचे वर्गात चांगले वजन आहे, ते चांगल्या कामी लागावे म्हणून मला तुमची मदत हवी आहे’ येथून सुरुवात केली तर बहुतेक पालक ऐकतात.

वर्गाबाहेर उभे करण्याविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, चारचौघांत मान खाली घालायला लावणे हेच त्या दोघांनी त्या मुलाबाबत केले आणि तेच आपण त्यांच्याबाबत केले, तर वर्ग त्यातून एवढेच शिकतो की ज्याच्या हातात बळ आहे त्याने दुसऱ्याला लाजवायचे असते. शिक्षकखोलीतही डोळसपणे पाहा. ‘काय रे ढोल्या’, ‘आले आमचे साहेब’, ‘तुला नाहीच जमणार’ अशी आपली वाक्ये मुले उचलतात. एखाद्या विषयाच्या शिक्षकांनी तपासणीच्या वह्या देताना सहज ‘पुस्तक कुठे आहे?’ असे म्हणून वर्गाला हसवले असेल, तर तुमच्या अनेक आठवड्यांच्या मेहनतीवर पाणी पडते. त्यांच्याशी सहकारी म्हणून एकट्याने बोलावे.

जागाही पाहाव्यात. मुलांना शाळेचा साधा नकाशा काढायला सांगून, जेथे त्यांना सुरक्षित वाटत नाही तेथे फुली मारायला सांगा. जिन्याचा वळसा, स्वच्छतागृह, टाकीमागची जागा आणि शाळेची व्हॅन, या फुल्या बहुतेक येतातच. मधल्या सुट्टीत तेथे एक मोठी व्यक्ती नुसती फिरत राहिली तरी फरक पडतो. व्हॅनचे मात्र विसरू नका, कारण तेथे अर्धा-पाऊण तास मुलांवर कोणाचेही लक्ष नसते. व्हॅनवाल्या भैयांशी बोलून बसण्याच्या जागा ठरवून द्या.

त्या मुलाशी आठवड्यातून एकदा, कोणाच्या नजरेत न येता, पाच मिनिटे बोला. ‘दुर्लक्ष कर’ असे त्याला सांगू नका; तो आजवर तेच करत आला आहे. ‘तूही दोन ठेवून दे’ असे घरचे सांगत असतील तर त्यांनाही थांबवा. तुकडी बदलण्याविषयी माझे मत असे की ती सध्या बदलू नये. टोपणनाव मधल्या सुट्टीत दुसऱ्या तुकडीत पोहोचायला एक दिवस लागतो, आणि ज्याला त्रास झाला त्यालाच उठवले, हा संदेश दोन्ही वर्गांना जातो. तरीही दोन-तीन महिने मनापासून काम करून मुलाची झोप, भूक किंवा शाळेत येण्याची इच्छा सुधारली नाही आणि त्याने स्वतः मागणी केली, तर ती नाकारू नये.

मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन जाण्यापेक्षा एक तासिका मागायला जा. तासिका देणे त्यांना सोपे असते. तुमची शाळा सीबीएसईची असेल, तर मंडळाने २०१५ सालीच छळ आणि रॅगिंग रोखण्यासाठी शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या असून त्यांत शाळेने यासाठी समिती नेमावी असे म्हटले आहे, हे त्यांना दाखवता येईल. चाळीसहून अधिक मुले आणि अपुरा वेळ या तुमच्या अडचणी खऱ्या आहेत, म्हणून सगळे एकदम सुरू करू नका: या आठवड्यात चिठ्ठ्या, पुढच्या आठवड्यापासून वर्गसभा, महिन्याभराने लहान मुलांशी जोड्या, एवढा वेग पुरेसा आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रकार पुन्हा डोके वर काढेल हे धरून चाला. सुट्टीनंतर मुले वर्गातली आपापली जागा नव्याने ठरवतात, त्यामुळे त्या आठवड्यातली सभा चुकवू नका. आपल्या गावात आणखी एक जोखमीचा काळ म्हणजे होळी ते रंगपंचमी. गेरीच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, उत्साहात सगळे गाव रंगात असते आणि ‘बुरा न मानो’ म्हणत एकाच मुलाला कोंडीत पकडून रंगवणे फार सोपे होते. त्याआधीच्या सभेत ‘नको म्हटले की नको’ हा नियम मुलांकडूनच करून घ्या. दरम्यान एक साधी वही ठेवा: तारीख, काय घडले, कोण जवळ होते, आपण काय केले, नंतर काय झाले. पालक आले की ती कामी येते, मुख्याध्यापकांसमोरही येते. वर्ष संपताना ती सातवीच्या वर्गशिक्षकांना समोर बसून समजावून द्या आणि वर्गसभेची तासिका त्यांच्या वेळापत्रकातही आधीच लिहून घ्या.